सायलेन्सरला टाके

८ नोव्हेंबर, शनिवार

आज चढावर गाडीने तोंड उघडलं ते दारापर्यंत मिटलं नाही. गेले दोन-तीन महिने नुसती घसा खाकरल्यासारखी बोलायची. आज सायलेन्सरच्या पुढचा पाईप कुठेतरी फाटला आणि मी दूध-पाव घेऊन परत येतेय ही बातमी अख्ख्या ब्रॅकन्स रन गावाला पोचली. शेजारचं कुत्रं पायऱ्यांखाली शिरलं. समोरच्या पाद्र्यांनी खिडकी लावून घेतली.

आणि सासूबाई दारात. सत्त्याऐंशी वर्षांच्या, दोन्ही कानांनी अधू. एरवी पायाशी पातेलं पडलं तरी पत्ता नसतो. पण गाडी वळणावर खाकरली काय, गरजली काय, काठी टेकत पडवीत हजर. "नाशा इदे! नाशा इदे!" 'इदे' म्हणजे येतंय, एवढं स्लोव्हाक मला या घरात राहून आलंय. 'नाशा' हे एमिलचं लहानपणीचं लाडाचं नाव असणार. गाडी त्याची, आवाज त्याच्या गाडीचा, म्हणजे आत तोच. मग दार उघडून उतरते मी, कंबर धरून, बगलेत पाव. अशा वेळी मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नाही.

एमिल तीन वर्षांपूर्वी नॉर्थ डाकोटाच्या तेलविहिरींवर गेला. सहा महिन्यांसाठी. तिकडचे महिने बहुधा लांब असतात.

९ नोव्हेंबर, रविवार

येतोय! फुटबॉल संपल्यावर फोन आला. चोवीस डिसेंबरला दुपारी पिट्सबर्गला उतरणार. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळचं जेवण घरी, आईच्या हातचं.

"टॅक्सीबिक्सी नको," म्हणाला. "माझीच गाडी घेऊन ये. तिच्यात बसूनच घरी यायचंय मला."

"ती हल्ली फार बोलते."

"तुझ्या संगतीने."

हसलो दोघं. त्याच्या पाठीमागे टीव्हीवर कार्टून लागलं होतं. पुरुष एकटा राहिला की पोरकट होतो. सासूबाईंपुढे फोन धरला तर त्यांनी नेहमीसारखा हात झटकला. "कान दुखतो."

फोन ठेवल्यावर उगाच गाडीत जाऊन बसले. चालकाची सीट अजून एमिलच्या पायांच्या मापाने मागे आहे. मी पाठीमागे दोन उशा घालून चालवते. सीट पुढे घेतली की त्याची जागा हरवेल, पुन्हा नेमकी सापडणार नाही. सीट सरकते त्या खाचेत त्याने चावून टाकलेली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं आहेत. व्हॅक्यूम क्लीनर मी तिथपर्यंत नेते आणि वळवते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

डेलकडे गेले. गावातल्या गाड्यांची तपासणी करून काचेवर सरकारी स्टिकर लावायचा अधिकार त्याचा, त्यामुळे तो कुणाशीच फार गोड बोलत नाही. त्याने गाडी वर चढवली, खाली उभा राहिला, पाईपला स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो आरपार गेला. रस्त्यावरच्या मिठाने आतून सगळं खाल्लंय.

"मॉरीन, याला भोक म्हणत नाहीत. हे भोकाच्या कडेने थोडा पाईप राहिलाय."

"मग तेवढं बुजव."

"मी हात लावला तर पुढपासून मागपर्यंत सगळं बदलावं लागेल. तेवढ्यात दुसरी गाडी येईल. भंगारात दे."

"आणि स्टिकर?"

"डिसेंबरअखेर संपतो. या आवाजाला मी नवा लावला तर माझं लायसन्स जाईल."

"एमिल चोवीसला येतोय. याच गाडीतून आणायचाय त्याला."

डेलने पुसलेलेच हात पुन्हा पुसले. "हो का," म्हणाला. "बरंय."

गावात एमिलचं नाव काढलं की सगळ्यांना हात पुसायचे असतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वेल्डिंगचं मशीन घेतलं. स्वस्तातल्या हत्यारांच्या दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर होतं. बुटांच्या खोक्याएवढं, आणि वजन एका नवरीच्या झग्याइतकं. मी झग्यांच्याच मापाने मोजते, जन्म त्यांना सैल करण्यात गेलाय. खोक्यावर एक माणूस हसतोय. मास्क नाही, हातमोजे नाहीत, भुवया शाबूत. सोबतची पुस्तिका कुणीतरी सूड उगवायला लिहिल्यासारखी आहे.

सासूबाईंनी काठीने खोकं ढोसलं. "हे काय आणलंस, मारीना?" मॉरीन त्यांच्या जिभेला कधी जमलं नाही.

"वेल्डिंगचं मशीन, मा."

"का? शिवणयंत्र बिघडलं?"

"एमिलच्या गाडीला टाके घालायचेत."

त्यांनी माझ्याकडे, मग मशीनकडे पाहिलं. त्यांचे यजमान यान्को जन्मभर पोलादाच्या कारखान्यात वेल्डर होते. "यान्कोचं मशीन दोन माणसं उचलायची," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. खानदानाची लाज काढली मी.

१६ नोव्हेंबर

गॅरेजमध्ये भंगार पत्र्यावर सराव केला. माझं कौशल्य सांगायचं तर, पत्र्यावर पक्षी बसून गेल्यासारखं दिसतं. ठिणग्या गावभर, जोड कुठेच नाही. एक ठिणगी बुटात शिरली आणि मी जे बोलले ते पाद्र्यांच्या खिडकीपर्यंत गेलं असणार.

पण एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. मास्कची काच ठिणगी उडताक्षणी काळी होते, गॅरेज, बर्फ, घर सगळं नाहीसं होतं आणि एक छोटा हिरवा सूर्य उरतो. त्या उजेडात फक्त आपला हात दिसतो. मला वाटलं, विहिरीवर रात्रपाळीला एमिलला असंच दिसत असेल. एकाच वेळी आम्ही दोघं एकाच अंधारात.

लिहून झाल्यावर वाचलं. शिवणकाम करणाऱ्या बाईने असं लिहू नये. खोडत मात्र नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शोध लागला! आतल्या दोन वायरी उलट जोडलेल्या होत्या. बिनगॅसच्या तारेला चिमट्याकडे अधिक आणि हाताकडे उणे लागतं. कारखान्यातून आलं ते बरोबर उलटं. हे मला इंटरनेटवरच्या एका दाढीवाल्याने सांगितलं. तो मास्क लावूनच बोलतो, म्हणून मला विश्वासू वाटतो. वायरी अदलाबदल केल्या आणि मशीनचा सूरच बदलला. आधी फडफडत होतं, आता कढईत बटाटा परतल्यासारखं चर्रर्र. म्हणजे इतके दिवस मशीन जीव तोडून काम करत होतं, फक्त चुकीच्या दिशेने.

२२ नोव्हेंबर, शनिवार

प्रत्यक्ष पाईप. गाडी उताराच्या फळ्यांवर चढवून, पेट्रोलच्या टाकीपासून लांब म्हणून पाईप सोडवून गॅरेजात आणला (सोडवताना तीन बोल्ट तुटले, चौथा मी तोडला). भोकाच्या कडेला तार टेकवली तर कड वितळून गेली. दुसऱ्या कडेला टेकवली, तीही गेली. तासाभरात भोकातून माझी मूठ जायला लागली.

मग खाली बसले आणि एकदम स्वतःची लाज वाटली. कुजलेल्या कापडाला रफू होत नाही, हे मी कितीतरी नवऱ्यामुलींच्या आयांना ओरडून सांगितलंय. आजीचाच झगा हवा म्हणून हट्ट धरतात, आणि दोरा ओढला की कापड दोऱ्याबरोबर येतं. चांगलं कापड लागेपर्यंत कापत जायचं, मग नवा तुकडा. हेच मी स्वतः लोखंडाला करत नव्हते, कारण पाईप एमिलचा.

३० नोव्हेंबर, रविवार

एमिलचा फोन. तिकीट काढलं का विचारलं. "काढतोय" म्हणाला. मी पाईपचं सांगितलं. "तू? वेल्डिंग?" आणि खूप हसला. किती दिवसांनी असा हसला! मग पाठीमागे कुणीतरी बाईने विचारलं, "मीठ कुठे ठेवलंस?" मी म्हटलं, हे कोण? म्हणाला, कॅम्पची स्वयंपाकीण. बरं झालं. सारखं डब्यातलं खाऊन त्याचं पोट बिघडायचं.

उद्या हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. गाव बंद, शाळा बंद, डेलही बंदूक घेऊन जंगलात. पाईपचा तुकडा उद्या मिळणार नाही.

२ डिसेंबर

मरता मरता वाचले. काल दुकान बंद म्हणून एमिलच्या जुन्या कुंपणाचा उरलेला, जस्त चढवलेला जीआय पाईप घेतला. मापाला तंतोतंत. वाटलं, त्याचाच पाईप त्याच्याच गाडीला, किती छान. वेल्ड करताना पांढरा धूर आला, तोंडात गोडसर नाण्यासारखी चव. संध्याकाळी थंडी भरली. दात वाजायला लागले. अंगावर तीन गोधड्या घेऊन मी एमिलला हाका मारत होते, असं सासूबाई म्हणतात.

"तू मला नाही मारलीस हाक," म्हणाल्या.

"तुम्हाला ऐकू आलं असतं का?"

"तेवढं ऐकू येतं."

दुधाचा मोठा पेला माझ्या तोंडाला लावला. "जस्त जाळलंस! बंद गॅरेजात! यान्को असाच थरथरत यायचा. अक्कल नसलेली पोरं हेच करायची. पी. सगळं पी." दुधाने काही होतं का ते देव जाणे. रात्रभर खुर्ची ओढून त्या माझ्या पायाशी बसल्या होत्या, हातात जपमाळ. गुडघे दुखतात त्यांचे.

आज सकाळी बरी आहे. तो पाईप त्यांनी स्वतः कचऱ्यात नेऊन टाकला, काठी न घेता.

६ डिसेंबर, शनिवार

चर्चच्या तळघरात पिरोही करायला गेले. ख्रिसमसच्या विक्रीसाठी दरवर्षी पन्नास बाया कणकेत बटाटा कोंबून कडा चिमटतात आणि गप्पांत गावातल्या प्रत्येकालाही. माझ्या शेजारी वेरोनिका, सासूबाईंच्या माहेरच्या गावची, स्लोव्हाक बोलणारी. सहज विचारलं, "लहानपणी एमिलला 'नाशा' का म्हणायचे गं?"

"कोण म्हणतं?"

"मा. गाडी आली की ओरडतात. नाशा इदे."

वेरोनिकाचा हात कणकेत थांबला. "नाशा हे नाव नाही, बाई. नाशा म्हणजे आपली."

"आपला."

"आपला असता तर नाश. नाशा म्हणजे आपली. बाईमाणूस."

मी म्हटलं, सत्त्याऐंशीच्या वयात व्याकरण सैल होतं. त्यात त्यांना दिसत तरी कुठे, ऐकू तरी कुठे येतं. वेरोनिकाने माझ्या चिमटलेल्या सगळ्या कडा पुन्हा चिमटल्या.

१३ डिसेंबर, शनिवार

जमलं!! गंज संपून चकाकणारं लोखंड लागेपर्यंत दोन्हीकडून कापलं. नवा साधा तुकडा वरून बसवला, बाहीला कफ बसवतात तसा. मग एक टाका वर. थांबायचं. एक टाका बरोबर खाली. थांबायचं. एक डावीकडे, एक उजवीकडे. लाल रंग काळा होईपर्यंत थांबायचं, मग मधल्या जागा. सलग ओढत गेलं की पाईप तापून वितळतो. घाई केलेली त्याला अजिबात खपत नाही. दोन टाक्यांमधल्या वेळात मी दाराबाहेर बर्फ बघत उभी राहायचे. थांबणं मला येतं. तीन वर्षं दुसरं काय केलं?

सौंदर्य बेताचं. सुरवंटाला जुलाब झाल्यासारखी शिवण आहे. पण पाईप परत गाडीला लावून, धुराच्या मागच्या टोकावर ओली चिंधी दाबून गाडी चालू केली तर जोडातून फुसदेखील नाही.

आणि काय शांतता! त्या शांततेत मी चक्क रडले. आनंदाने, अर्थात.

१९ डिसेंबर, शुक्रवार

डेलने टॉर्च मारून सगळीकडून पाहिलं. "हे कुणी केलं?"

"मी."

"दिसतंय." बोटाने शिवण चाचपली. जोरात हिसका दिला. पुन्हा दिला. "घाणेरडं आहे. पण सुटणार नाही."

स्टिकर लावताना म्हणाला, "मॉरीन, पिट्सबर्गला रस्ता वाईट असतो त्या दिवशी. आधी त्याला फोन कर. निघालाय का विचार."

"निघणारच आहे तो."

"हो, पण विचार."

या माणसाला शिकारीत काही मिळालं नाही, तेव्हापासून कुजका झालाय.

रविवारची वाट बघतेय. एमिलला गाडीचं हे न बोलणं फोनवरून ऐकवायचं.

२१ डिसेंबर

फोन आला नाही. बर्फामुळे लाईन्स गेल्या असतील.

२५ डिसेंबर, गुरुवार

कालचं लिहायचं राहिलं.

विमान वेळेवर आलं. बाहेर येणाऱ्या माणसांची दाटी झाली, मग पातळ झाली, मग एक बाई व्हीलचेअरवरून आली, मग कुणीच नाही. मी निळा कोट घातला होता, त्याला आवडणारा, स्वतःच्या हाताने सैल केलेला. फोन लावला. एका लहान मुलीने उचलला.

"एमिल बाहेर बर्फ काढतोय. तू कोण?" मग तोंड फिरवून, "मॉम! एमिलला एका बाईचा फोन!"

"राँग नंबर, बाळा," मी म्हटलं.

घाईत चष्मा नव्हता, आकडा चुकला, असं मी इथे लिहिणार होते. चष्मा डोळ्यावरच होता.

गाडीपाशी पोचले तेव्हा मेसेज आला. "ऐनवेळी शिफ्ट लागली. पुढच्या महिन्यात नक्की. आईला सांग."

दोन तासांचा रस्ता. गाडी इतकी गप्प की मला माझाच श्वास ऐकू येत होता. गरजणारी असती तर बरं झालं असतं, निदान तिने माझ्या वाटचं ओरडून घेतलं असतं. वळण आलं, चढ आला, दार आलं. इंजिन बंद करून बसून राहिले. बाहेर कुणी आलं नाही. नाशा नाही, इदे नाही. मला कळेचना की छातीत एवढं कशाने दुखतंय. मग लक्षात आलं, मी हाकेची वाट बघत होते.

उतरले. सासूबाई पडवीच्या अंधारातच होत्या. खुर्चीत, कोट, डोक्याला रुमाल, बुटांवर बर्फ, कान वळणाकडे. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा दचकल्या.

"केव्हा आलीस? कशी आलीस? मी कधीची ऐकत बसलेय!"

"गाडी नीट झाली, मा. आवाज गेला."

"मग तू आलीस ते मला कळायचं कसं?" अशा चिडल्या की काठी आपटली. "सगळ्या गावाच्या गाड्या सारख्या. एक तुझी ऐकू यायची. तीही मुकी करून ठेवलीस!"

मी त्यांच्या बुटांवरचा बर्फ झाडला. शेवटी म्हटलं, "नाशा नाही आला, मा. एमिल. तो नाही येणार."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या वेल्डिंगच्या मशीनकडे पाहिलं होतं.

"नाश नाही आला, ते मला दिसतंय," म्हणाल्या. "नाशा आली ना? मग आत चल. सार गार झालं."

आत टेबलावर, चादरीखाली पेंढा, मशरूमचं आंबट सार, खसखशीत घोळलेले पावाचे गोळे, बोबाल्की. सकाळी मी चार ताटं मांडून गेले होते: त्यांचं, माझं, एमिलचं आणि रीतीप्रमाणे एक अचानक येणाऱ्या वाटसरूचं. आता तीनच होती.

"एक ताट कुठे गेलं?"

"तीन पुरेत. दोन आपली, एक वाटसरूचं. तो आला तर बसेल की तिथे."

मग मधात बोट बुडवून त्यांनी माझ्या कपाळावर क्रूस काढला, वर्षभर गोड राहावी म्हणून. बत्तीस वर्षं काढतायत. माझ्या जिभेवर गुण आलेला कुणी पाहिला नाही. काल मात्र बोट कपाळावरून लवकर उचललं नाही त्यांनी.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सीट पुढे घेतली. खाचेत गंज धरला होता, तेल सोडून हातोडी मारावी लागली. टरफलं झाडून काढली. उशा घरात नेल्या. पाय नीट पोचतात की!

मग डेलच्या भंगारातून ट्रकचा हॉर्न आणला.

"एवढा मोठा?" डेल म्हणाला. "महिनाभर खपून गाडी गप्प केलीस ती कशासाठी मग?"

"तपासणीच्या नियमात हॉर्नबद्दल काय आहे?"

"वाजला पाहिजे, एवढंच."

वायरी या वेळी पहिल्याच झटक्यात बरोबर जोडल्या. दूध घेऊन येताना वळणावर दोनदा दाबला. कुत्रं पायऱ्यांखाली शिरलं. पाद्र्यांनी खिडकी लावून घेतली. आमचं दार उघडलं.